एक वाटी पाणी जास्त

दिवाळी झाली की आमच्या सातारा जिल्ह्यात थंडी हळूहळू पाय पसरू लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, फोटो येतात. खाली आमच्या कृष्णाकाठच्या गावात काही गोठत नाही, पण पहाटे नदीवरून येणारा वारा कानशिलं बधिर करतो. कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. म्हातारी माणसं उन्हाचा तुकडा बघून बसतात. आणि चौकातल्या चायनीजच्या गाड्यांवर 'गरमागरम सूप' अशी पाटी लागते.

हे सूप आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी उभ्या उभ्या टोमॅटो सूप मिळतं. गाडीवर मंचाव मिळतं, वर कुरकुरीत नूडल्स असतात. दुकानात पाकिटं मिळतात. गरम पाणी ओतलं, ढवळलं, झालं. तरुण मुलांना वाटतं की सूप ही बाहेरून आलेली गोष्ट आहे आणि आपल्या आजीपणजीला ती ठाऊक नव्हती. आजच्या या बोलण्यात मला एवढंच सांगायचं आहे, की आजीपणजीला ती चांगली ठाऊक होती. फक्त ती तिला सूप म्हणत नव्हती.

कविता लिहिणारा माणूस शब्दांच्या मागे लागतोच. म्हणून आधी थोडं शब्दांविषयी. सूप म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतं ते धान्य पाखडायचं सूप. पण संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं पातळ कालवण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. मराठीत १८७५ साली पाकक्रियेचं एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'सूपशास्त्र' होतं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कडधान्य पाण्यात शिजवून घेतलेल्या अर्काला यूष म्हणतात आणि मांसाच्या अर्काला मांसरस. आपल्या बोलीत तर शब्दांची रेलचेल आहे. कडधान्याचं ते कढण. आमसुलाचं, टोमॅटोचं ते सार. पीठ लावून केलेलं ते माडगं. मटणाचं मसाला न घातलेलं पाणी ते अळणी. आमच्या घरात त्यालाच शोरबा म्हणत. शोरबा हा फारसी शब्द. त्यातल्या 'शोर'चा अर्थ खारट. म्हणजे एकाच पातेल्याला एका घरात खारट म्हणायचे आणि शेजारच्या घरात अळणी! दोघांच्याही पातेल्यात मीठ मात्र सारखंच असायचं, चिमूटभर.

आणखी एक गंमत. आपण हॉटेलच्या पाटीवर 'रेस्टॉरंट' लिहितो. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये हे नाव जागेला नव्हतं. अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या मांसाच्या कढणाला तिथं हा शब्द वापरत. ते कढण विकणाऱ्या जागेला तो नंतर चिकटला. म्हणजे जगातल्या सगळ्या रेस्टॉरंटांच्या मुळाशी एका आजारी माणसाची वाटी आहे.

आता प्रत्यक्ष चुलीकडे वळू या. थंडीतलं आमच्या भागातलं पहिलं सूप म्हणजे हुलग्याचं कढण. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच देशावरचा हुलगा. दिसायला चपटा, तांबूस, अगदी सामान्य. कमी पावसाच्या, हलक्या रानात येतो. बैलांना आणि घोड्यांना घालायचं धान्य म्हणून त्याला कुणी फारसा मान दिला नाही. पण शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्या घरांना तूरडाळ परवडत नव्हती त्या घरांचे हिवाळे या हुलग्यानं काढले आहेत.

कढण करायला वाटीभर हुलगे घ्या. ते नीट निवडा, कारण हुलग्यात खडे असतात आणि खड्याचा रंग हुलग्यासारखाच असतो. दिवसाउजेडी, ताट उन्हात धरून निवडायचं काम आहे ते. धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी भिजवलेल्या हुलग्यांत सात-आठ वाट्या पाणी घालून शिजवा. कुकरला पाच-सहा शिट्ट्या लागतात. चुलीवर दीड-दोन तास. शिजल्यावर वरचं पाणी ओतून घ्या, हेच कढण. तळाच्या हुलग्यांची उसळ होते, पण त्यातले दोन मोठे चमचे हुलगे वाटून कढणातच परत घाला. पुष्कळ जण नुसतं पाणी पितात आणि ताकद तळाशी ठेवतात. वाटण घातलं की कढणाला दाटपणाही येतो आणि पोटालाही आधार मिळतो. मग तुपाची फोडणी, त्यात जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. दोन-तीन आमसुलं, मीठ, गुळाचा लहानसा खडा. एक उकळी आणा आणि जीभ पोळेल न पोळेल इतकं गरम प्या.

हुलगे भाजून दळून आणले, की माडगं करता येतं. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं आणि ढवळत राहायचं. कुणी गूळ घालून गोड करतं, कुणी लसणाची फोडणी देऊन तिखट. सर्दीनं नाक बंद झालं की आमच्या भागात डॉक्टरच्या आधी माडगं यायचं. त्याच पिठाच्या वळ्या करून लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवल्या, की जुन्नर-नगरकडचे शेंगोळे होतात. थाळीत ते जेवण म्हणून वाढतात, पण भरपूर रस्सा ठेवून वाडग्यात घेतले तर कोणत्याही नूडल्स सूपला भारी पडतील.

हिवाळ्यात बाजारही सुपाचाच असतो. गाजर, मटार, पावटा, पालक, पातीचा कांदा, सगळं एकदम येतं आणि स्वस्त येतं. मटार सोलल्यावर हिरवी कोवळी टरफलं आपण फेकून देतो. ती स्वच्छ धुऊन, पाण्यात वीस मिनिटं उकळून, गाळून घ्या. त्या गोडसर पाण्यात गाजर, कांद्याची पात आणि मूठभर मूगडाळ शिजवा. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर आणायला धावू नका. चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावा. मिरपूड घाला. मटार खाणाऱ्याला मटार आणि सूप पिणाऱ्याला सूप, पैसे एकाचेच.

आता मांसाहारी मंडळींसाठी. कोल्हापूर-साताऱ्याकडे मटण शिजलं की पहिली वाटी लहान मुलांची. तेच अळणी. अर्धा किलो हाडासकट मटण घ्या. चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद परता, मटण घाला, थोडं मीठ घाला. वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. ताटातलं पाणी तापलं की तेच आत ओतायचं, पुन्हा ताटात गार पाणी. गार पाणी थेट मटणात जात नाही. मांस मऊ झालं की तिखट, मसाला पडायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं. मिरपूड, कोथिंबीर, बस्स. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाचा पायाही हेच पाणी. त्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूसारखं वाटण जातं.

पायाचा शोरबा मात्र वेळ मागतो. पाये भाजून, खरवडून, तुकडे करून आणायचे, चांगले धुवायचे. एक उकळी आणून ते पहिलं पाणी टाकून द्यायचं. मग ताजं पाणी, कांदा, आलं, लसूण, धणे, काळी मिरी, दालचिनी, लवंग. मंद चुलीवर पाच-सहा तास, कुकरमध्ये तासभर. पायात मांस फार नसतंच; असतात कातडी, स्नायुबंध आणि कूर्चा. त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. पाण्यात बराच वेळ मंद शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. म्हणून तर पायाचा शोरबा ओठांना चिकटतो, आणि थंडीत सकाळी पातेलं उघडलं तर वडीसारखा थिजलेला असतो.

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. पायाच्या शोरब्यानं मोडलेलं हाड सांधतं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. पण हाडातलं कॅल्शियम त्या पाण्यात फारसं उतरत नाही. जिलेटिन हे प्रथिन असलं, तरी शरीराला लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात नसतं. म्हणजे एकट्या शोरब्यावर माणूस उभा राहत नाही. त्याच्याबरोबर डाळ, अंडं, दूध, भाकरी लागतेच. मग शोरब्याचं काम काय? ज्याला घास गिळवत नाही त्याच्या पोटात पाणी, मीठ, ऊब आणि चव पोचवणं. थंडीत तहान कमी लागते आणि म्हातारी माणसं पाणी पिणंच विसरतात. वाडगाभर सूप त्यांना पाणीही पाजतं. हे काम लहान नाही.

आमच्या घरात अम्मीच्या मांडणीवर एक पितळी पातेलं वेगळं ठेवलेलं असे. छोटं, आतून कल्हई केलेलं. आमसूल घालायचं तर कल्हई लागतेच. त्या पातेल्यात मांस कधी शिजलं नाही, आणि मांसाच्या पातेल्यात फिरलेला चमचा त्यात कधी गेला नाही. ते शेजारच्या काकींसाठी होतं. काकी माळकरी. दरवर्षी आषाढीला पंढरीची वारी. मांसमच्छीचा प्रश्नच नव्हता, कांदा-लसूणही खात नसत. त्यांच्यासाठी अम्मी हुलग्याचं कढण जिरं, मिरं आणि हिंगावर करी. काकींनी अशी कधी अट घातली नव्हती. अम्मीनं स्वतःच तो नियम घालून घेतला होता. मी लहानपणी विचारलं होतं, की एवढं वेगळं कशाला? ती म्हणाली, "ज्याला द्यायचं, त्याच्या पोटाचा विचार करून द्यायचं. नाहीतर देऊ नये."

गल्लीत सगळीच घरं आमच्याकडचं खात होती असं नाही. काही खात नसत. अम्मी त्यांच्या दारात वाटी घेऊन गेली नाही आणि त्याबद्दल तिनं कधी तक्रारही केली नाही. पण काकींकडे आणि आमच्याकडे मात्र वाट्यांची ये-जा होती. तिकडून संक्रांतीला भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी येई. इकडून कढण जाई. मधे कमरेएवढी भिंत होती, तिच्यावरून.

१९९२ च्या डिसेंबरात ही ये-जा थांबली. आमच्या गावात काही घडलं नाही. एक काचही फुटली नाही. रोज रेडिओवर बातम्या ऐकायच्या, संध्याकाळी दारं लवकर लावून घ्यायची, एवढंच. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. पण भिंतीवर वाटी दिसेनाशी झाली. काकी तुळशीला पाणी घालून आत जात. अम्मी कपडे वाळत घालून आत येई. दोघींनाही कुणी मनाई केलेली नव्हती. मी तेव्हा चोविशीत होतो, बी. ए. होऊन नोकरी शोधत होतो, मराठी कविता लिहीत होतो. त्या दिवसांत मी बरंच काही लिहिलं. त्यातलं पुढं काही टिकलं नाही.

जानेवारीत काकींना ताप आला. खोकला रात्रभर भिंतीपलीकडून ऐकू येई. दुसऱ्या रात्री अम्मीनं हुलगे निवडायला घेतले. दिव्याखाली, चष्मा लावून. सकाळी तिनं पितळी पातेलं उतरवलं, चिंचेनं घासलं, कढण केलं, आणि पदर डोक्यावर घेऊन भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. हाक मारली नाही. उभी राहिली. थोड्या वेळानं काकी घोंगडी पांघरून बाहेर आल्या. त्यांनी वाटी घेतली, तिथंच उभ्या उभ्या फुंकर घालून प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाभी, आज मिरं जरा जास्तच पडलंय बघा."

अम्मी म्हणाली, "सर्दीला चांगलं असतं. प्या गुमान."

दीड महिन्याच्या अबोल्यावर झालेलं सगळं बोलणं एवढंच. त्यानंतर भिंतीवरून वाट्या पुन्हा सुरू झाल्या. मी पुढं सलोख्यावरच्या अनेक सभांना गेलो, कविता वाचल्या, भाषणं ऐकली. ती सगळी माणसं मनापासून बोलत. पण मिरं जास्त पडल्याची तक्रार ऐकून मला जेवढं सुटल्यासारखं वाटलं, तेवढं पुन्हा कुठल्या सभेत वाटलं नाही. माणूस तक्रार करतो तेव्हा त्यानं नातं गृहीत धरलेलं असतं.

रश्शाविषयी एक हदीस आहे. रस्सा शिजवताना पाणी वाढवावं आणि त्यातलं शेजाऱ्यांनाही द्यावं, अशी शिकवण पैगंबरसाहेबांनी अबू जर या आपल्या सहकाऱ्याला दिल्याचं 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात नोंदवलेलं आहे. तिथं रश्शासाठी मूळ अरबी शब्द 'मरक' असा आहे. हैदराबादच्या लग्नांत मटणाचं जे सूप सुरुवातीला देतात, त्याला 'मरग' म्हणतात. तो शब्द याच घराण्यातला. मला या शिकवणीतली व्यवहाराची जाण फार आवडते. मांस वाढवायला सांगितलेलं नाही, कारण ते गरिबाला जमणार नाही. पाणी वाढवायला सांगितलं आहे. पाणी कुणालाही वाढवता येतं.

आपल्या मराठीत मात्र हाच विचार चेष्टेनं येतो. पाहुणा दारात दिसला, की 'आमटीत पाणी वाढवा' असं आपण हसत म्हणतो. त्यात यजमानाची गरिबी किंवा कंजूषपणा दाखवायचा असतो. पण जरा विचार करा. भाकरी मोजून थापलेली असते. भाजी मोजून चिरलेली असते. लाडू तर डब्यात नगावर असतात. ऐनवेळी आलेल्या माणसाला सामावून घेण्याची सोय स्वयंपाकघरात एकाच पदार्थात आहे, आणि तो म्हणजे पातळ पदार्थ. आमटीत पाणी वाढवणारी बाई आलेल्या माणसाला परत पाठवत नसते. तिला हसायचं काय कारण?

सुपाचा खरा उपयोग मला कळला तो २०१८ च्या हिवाळ्यात. अम्मी तेव्हा ८१ वर्षांची होती. नोव्हेंबरात ती मोरीपाशी घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. पण जेवणावरची वासना गेली. दात नव्हतेच. घास तोंडात घोळवायची आणि थुंकायची. डॉक्टर म्हणाले, पोटात प्रथिनं गेली पाहिजेत, नाहीतर जखम भरणार नाही आणि उठायची ताकद येणार नाही. माझी पत्नी सकाळच्या शाळेवर शिक्षिका, माझी नोकरी दुपारची. त्यामुळं सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं.

आजारी माणसाला एकदम जड देऊ नये, हे आयुर्वेदानं पायरीपायरीनं सांगितलेलं आहे. आधी पेज, मग दाट पेज, मग यूष, मग मांसरस. मी तेच केलं. पहिला आठवडा मुगाचं कढण, तांदळाच्या पेजेत मिसळून. चार-चार चमचे, पण दिवसातून सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात हुलग्याचं कढण, वाटलेल्या हुलग्यांसकट. मग अळणी, त्यात शिजलेलं मटण मिक्सरमधून काढून परत मिसळलेलं. मग त्यात अंडं फेटून सोडलेलं. पुढं भात कुस्करून. वाडगा तोच, पण दर आठवड्याला आतला ऐवज जरा दाट. चव मात्र तिच्या ओळखीचीच ठेवली. आजारी माणसाला नवं काही चाखायचं नसतं.

काकी तोवर गेल्या होत्या. त्यांची सून आहे. तिला अम्मी 'बाळे' म्हणायची. एक दिवस ती माडगं घेऊन आली, गूळ घातलेलं. म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, चाचींना गोड आवडतं." त्या दिवशी अम्मी अख्खी वाटी प्यायली.

फेब्रुवारीत अम्मी वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मी ओट्यापाशी होतो. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "एवढंच? घरात माणसं नाहीत का? पाणी घाल अजून." मी वाटीभर पाणी घातलं. पुढं ती दीड वर्ष जगली आणि २०२० च्या पावसाळ्यात गेली. तो हिवाळा तिनं पार केला होता, एवढं समाधान मला पुरेसं आहे.

मी पाकिटाच्या सुपाला नावं ठेवायला इथं आलेलो नाही. रात्री दहाला नोकरीवरून येणाऱ्या मुलीनं काय करावं? तिला ते पाकीट हवंच. पण पाकिटावरचा बारीक मजकूर एकदा वाचावा. बहुतेकांत कॉर्नफ्लोअर, साखर आणि मीठ बरंच असतं. भाजी सुकलेली आणि थोडी. आणि एक कप गरम पाणी मोजून घालायला सांगितलेलं असतं. पाणी जास्त घातलं तर ते बेचव होतं. त्यात दुसऱ्याची सोय नाही. माझी अडचण तेवढ्यापुरतीच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रविवारी सकाळी एक मोठं पातेलं चढवा. हुलगे, मूग, मसूर, जे घरात असेल ते. त्याचं बिनफोडणीचं कढण करून ठेवा. गार झालं की दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा, आणि दर वेळी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. सोमवारी जिऱ्याची फोडणी, मंगळवारी टोमॅटो, बुधवारी पालक. कढण एकच, चव रोज वेगळी. मीठ नेहमी शेवटी घाला, म्हणजे रक्तदाब असलेल्याची वाटी आधी बाजूला काढता येते. ज्यांचं युरिक अॅसिड वाढतं त्यांनी मटणाच्या, पायाच्या शोरब्याला आवर घालावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. मुतखड्यावर कुळथाचं कढण घ्यायची जुनी रीत आहे. ती पाळायला हरकत नाही, पण कळा येत असताना दवाखाना सोडून कढणावर भिस्त ठेवू नये.

आणि शेवटचं. आता पुष्कळ ठिकाणी भिंती कमरेएवढ्या राहिलेल्या नाहीत. फ्लॅटची दारं बंद असतात. त्या बंद दारांमागं कितीतरी म्हातारी माणसं एकटी आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, परदेशात. एकट्या माणसासाठी कुणी हुलगे भिजत घालत नाही. तो चहा-बिस्किटावर रात्र काढतो. तुमच्या जिन्यात असं एक तरी दार असेल. ते काय खातात, काय खात नाहीत, हे आधी विचारून घ्या. लागलं तर एक पातेलं वेगळं ठेवा. त्याला फार जागा लागत नाही. उद्या हुलगे शिजायला टाकाल तेव्हा वाटीभर पाणी जास्त घाला आणि ती बेल वाजवा. मिरं जास्त पडलंय असं कुणी म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)